काळी चारची गायिका पांढरी चारात

गेल्या डिसेंबरात नागपूरहून एका काकांचा फोन आला. आयुष्यभर हार्मोनियम शिकवून आता निवृत्त झालेले, माझ्याकडून अधूनमधून जुन्या रेकॉर्ड मागवणारे. आवाजात नाराजी होती. "अहो, तुम्ही पाठवलेली बाई काळी चारात गाते ना? इथे ती पांढरी चारात गातेय. आणि गातेय कसली, पेंगतेय." काळी चार, पांढरी चार म्हणजे पेटीच्या पट्ट्या, गाणाऱ्याचा षड्ज कुठे लागतो ते सांगणाऱ्या.

रेकॉर्ड वाकते, किरकिरते, एखाद्या ठिकाणी अडकून तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणते. पण सबंध गाणं नेमक्या तीन पट्ट्या खाली सरकवणं तिच्या हातात नसतं. मी विचारलं, "काका, प्लेअर कुठला?" म्हणाले, "मुलानं न्यू जर्सीहून आणलाय. ट्रान्सफॉर्मर लावलाय की!"

तिथेच उलगडा झाला. ट्रान्सफॉर्मर आपल्या २३० व्होल्टचे १२० करतो, पण विजेचे हेलकावे तो बदलू शकत नाही. अमेरिकेत वीज सेकंदाला ६० वेळा हेलकावते, आपल्याकडे ५० वेळा. जुन्या प्लेअरमधली सिंक्रोनस मोटर या हेलकाव्यांच्याच तालावर फिरते. त्यामुळे मिनिटाला ३३⅓ फेरे घ्यायला हवेत तिथे काकांची थाळी जेमतेम २७.८ घेत होती. आता गंमत बघा. साठास पन्नास म्हणजे सहास पाच, आणि षड्ज नि कोमल गंधार यांच्यातलं गुणोत्तर नेमकं हेच आहे. म्हणजे अमेरिकेची वीज आणि आपली वीज यांच्यात एका कोमल गंधाराचं अंतर आहे! काळी चारवरून पांढरी पाच, काळी तीन, पांढरी चार. काकांच्या कानाने घोळ अचूक पकडला होता, फक्त चोर दुसराच होता.

हल्लीच्या बऱ्याच प्लेअरमध्ये डीसी मोटर असते, त्यांना ही बाधा होत नाही. तरी वेग तपासायची जुनी युक्ती माहीत असावी. कागदी चकतीवर सारख्या अंतराने १८० रेघा छापलेल्या असतात, ती थाळीवर ठेवायची आणि चोकवाल्या ट्यूबलाइटखाली बघायची. ट्यूब सेकंदाला १०० वेळा, म्हणजे मिनिटाला ६,००० वेळा लुकलुकते. ६,००० ला ३३⅓ ने भागलं की १८०. वेग बरोबर असला तर दर लुकलुकीला एक रेघ पुढच्या रेघेच्या जागी येते आणि चकती थिजल्यासारखी दिसते. वेग कमी असला की रेघा मागे सरकतात. चांगल्या एलईडी दिव्याखाली मात्र यातलं काहीच दिसत नाही, कारण तो लुकलुकतच नाही. अमेरिकेतून आलेल्या चकतीवर २१६ रेघा असतात, ती आपल्याकडे निरुपयोगी.

वेग जमला की पाणसळ. गवंड्याची चालेल. थाळी दोन्ही दिशांनी सपाट हवी, नाहीतर आर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, उताराकडे ओढ घेतो. एवढं झाल्यावर खरं काम सुरू होतं, ते म्हणजे सुई.

बारा इंची एलपीच्या, म्हणजे ३३⅓ फेऱ्यांच्या मोठ्या रेकॉर्डच्या, एका बाजूला वीस मिनिटांचं गाणं असेल तर ती थाळी ६६७ फेरे घेते. ती सगळी खाच उलगडून सरळ केली तर सव्वाचारशे मीटरच्या पुढे जाईल. रुंदीला मात्र ती केसापेक्षा बारीक. इंग्रजी व्ही अक्षरासारखा तिचा छेद असतो, आणि स्टिरिओ रेकॉर्डमध्ये दोन भिंतींवर दोन वेगळे आवाज कोरलेले असतात. ही कल्पना ॲलन ब्लमलाइन या इंग्रज इंजिनिअरच्या १९३१ च्या पेटंटमधली. स्टिरिओ रेकॉर्ड दुकानात यायला त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळ गेला.

या खाचेत हिऱ्याचं टोक दीड-दोन ग्रॅम भाराने चालतं. दोन ग्रॅम म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. पण टेकलेली जागा किती? दर भिंतीवर पन्नास चौरस मायक्रॉन धरू (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). हिशेब केला की दाब वातावरणाच्या सुमारे पावणेतीन हजार पट येतो! व्हिनाइल तेवढ्यापुरतं दबतं आणि सुई पुढे गेली की पुन्हा वर येतं. याच लवचिकपणावर सगळा संसार उभा आहे. हे कळल्यावर माणूस घाबरून भार कमी करतो, आणि फसतो. भार कमी पडला की मोठ्या आवाजाच्या वळणावर सुई भिंत सोडून उडते आणि परत आदळते. रेकॉर्डचं जास्त नुकसान या आदळण्याने होतं. कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेली डबी, बनवणाऱ्याने दीड ते दोन ग्रॅम सांगितलं असेल तर मी बिनदिक्कत दोनकडे झुकतो. आधी मागचं वजन फिरवून आर्म हवेत आडवा तरंगेल असा करायचा, आकडा शून्यावर आणायचा आणि मग हवा तेवढा भार द्यायचा. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा आता स्वस्तात मिळतो. तो घ्याच, आर्मवरच्या आकड्यांवर विसंबू नका.

पुढची भानगड भूमितीची. रेकॉर्ड कोरणारं यंत्र कडेकडून मध्याकडे सरळ रेषेत सरकतं. आपला आर्म एका टोकाला खिळलेला, त्यामुळे सुई कमानीत फिरते. म्हणजे ती खाचेला सगळीकडे समांतर राहूच शकत नाही. यावर लॉफग्रेन या स्वीडिश संशोधकाने १९३८ मध्ये तोड काढली. कार्ट्रिज तिरकं बसवायचं आणि सुई मधल्या खुंटीच्या दीड-पावणेदोन सेंटिमीटर पुढे जाईल असं करायचं. मग चूक पूर्ण जात नाही, पण दोनच ठिकाणी शून्य होते आणि बाकी सगळीकडे थोडी थोडी उरते. नेहमीच्या मापात ही दोन ठिकाणं केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर येतात. छापील कोनमापक ठेवून, कार्ट्रिजचे दोन स्क्रू ढिले करून, भिंग डोळ्याला लावून ते अर्धा मिलिमीटर पुढे-मागे करत बसायचं. पहिल्यांदा मला दोन तास लागले आणि चहा दोनदा गार झाला. तिरक्या कार्ट्रिजमुळे आणखी एक झेंगट होतं. खाचेचं घर्षण सुईला आतल्या बाजूला ओढतं. ती ओढ तोलायला अँटिस्केटिंगची स्प्रिंग किंवा दोऱ्याला लटकवलेलं इवलं वजन असतं.

हा सगळा खटाटोप कशासाठी, हे आपल्या शास्त्रीय संगीताच्या एलपीवर फार छान कळतं. थाळीचा वेग कायम असला तरी खाचेचा वेग कायम नसतो. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला ५१ सेंटिमीटर खाच जाते, आत लेबलजवळ फक्त २१. दहा हजार हर्ट्झची एक लहर बाहेर ५१ मायक्रॉनमध्ये ऐसपैस पसरते, आत तिला २१ मायक्रॉनमध्ये अंग चोरून बसावं लागतं. साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्याच १८ मायक्रॉनच्या आसपास असते. एवढ्या जाड बोटाने एवढ्या बारीक अक्षरांवरून फिरवलं तर काय वाचता येणार? आणि आपला ख्याल कसा रचलेला असतो? विलंबित आधी, द्रुत शेवटी. म्हणजे संथ आलापीला प्रशस्त जागा आणि तानांचा पाऊस पडतो तेव्हा गल्लीबोळ. "शेवटी आवाज फाटतो" अशी तक्रार आली की मी गवयाला किंवा रेकॉर्डला दोष देत नाही. आधी विचारतो, सुई अंडाकृती आहे का आणि कोनमापक कधी लावला होता.

तंबोरा तर रेकॉर्डची खरी परीक्षा घेतो. मधलं भोक अर्धा मिलिमीटर जरी सरकलेलं असलं तरी आतल्या खाचांवर स्वर दर फेऱ्याला, म्हणजे दर १.८ सेकंदांनी, ०.८ टक्के वर आणि तेवढाच खाली जातो. एकूण झोका १.६ टक्क्यांचा. प्रमाण श्रुती, म्हणजे श्रुतींमधलं सगळ्यात लहान अंतर, १.२५ टक्क्यांची, म्हणजे झोका तिच्याहून मोठा. ढोल-ट्रम्पेटच्या गाण्यात हे कुणाच्या लक्षातही येत नाही, पण मागे तंबोरा लागला असेल तर समुद्र लागल्यासारखं होतं. म्हणून विकायला काढलेली प्रत्येक शास्त्रीय रेकॉर्ड मी शेवटची दोन मिनिटं तरी वाजवून बघतो. रेकॉर्डच्या बाजारात प्रतीला दर्जा देण्याची इंग्रजी भाषा आहे, आणि त्यात 'गुड' म्हणजे खरं तर वाईट. 'व्हेरी गुड प्लस'च्या खालचं मी किरकिरीची कल्पना दिल्याशिवाय विकत नाही. हा दर्जा बहुतेक जण दिव्याखाली धरून ठरवतात. सरकलेलं भोक दिव्याखाली दिसत नाही.

एक इशारा इथेच देऊन ठेवतो. व्हिनाइलची एलपी १९४८ मध्ये आली. त्याआधीच्या ७८ फेऱ्यांच्या काळ्या, जड, हातातून पडली की ठिकऱ्या होणाऱ्या तबकड्या लाखेच्या असत. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान गायल्या, ते ध्वनिमुद्रणही अशाच तबकड्यांवर. एलपी धुताना पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालतात. तेच लाखेच्या तबकडीला लावलं तर सर्वनाश, कारण लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. फ्रेंच पॉलिश करणारा सुतार ती स्पिरिटमध्येच विरघळवतो. आणि एलपीची सुईही तिच्यावर चालवू नका. ७८ ची खाच कितीतरी रुंद, त्यात बारीक सुई तळाशी घासत कचराच वाजवते.

आता टपाल. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी हाती लागलेली रेकॉर्ड लातूरला किंवा लंडनला पोचवायची तर तिचे वैरी दोन, आपटणं आणि ऊन.

आपटण्याचा हिशेब सोपा आहे. पार्सल एक मीटरवरून कोपऱ्यावर पडलं आणि दोन मिलिमीटरमध्ये थांबलं, तर आतल्या वस्तूला स्वतःच्या वजनाच्या ५०० पट धक्का बसतो. १४० ग्रॅमची एलपी तेवढ्या क्षणापुरती ७० किलोची होते आणि धारेवर उभी राहून कव्हराची शिवण फाडून बाहेर येते. खोक्याच्या कोपऱ्यात दोन सेंटिमीटर चुरगळायला जागा ठेवली, तर तोच धक्का ७ किलोवर येतो. म्हणून रेकॉर्ड कव्हरातून काढायची, आतल्या पिशवीसकट कव्हराच्या मागे ठेवायची आणि दोन्ही मिळून बाहेर एक प्लास्टिकची पिशवी. मग दोन्ही बाजूंना नालीदार पुठ्ठा. कव्हर साडेएकतीस सेंटिमीटरचं, पुठ्ठा ३४ चा घ्यावा. एका पुठ्ठ्याच्या नळ्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या, कारण नळीच्या दिशेने पुठ्ठा ताठ असतो आणि तिला आडवा सहज मुडपतो. पुठ्ठे एकमेकांना चिकटवा. नुसते एकावर एक ठेवले तर ताठपणा दुप्पट होतो, चिकटवून एक केले तर जवळपास आठपट. डिंकाचे दोन रुपये एवढं काम करतात!

उन्हाचा धडा मला पैसे मोजून मिळाला. एका मे महिन्यात विदर्भात पाठवलेला तीन एलपींचा संच पोचला तो परातीसारखा होऊन. खोक्याला ओरखडाही नव्हता. व्हिनाइल साठ-सत्तर अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. बाहेर ४५ असताना उभ्या, बंद गाडीच्या आत पारा साठच्या वर जायला वेळ लागत नाही, आणि त्यात वर दुसऱ्या पार्सलांचा भार असतो. मी पैसे परत केले. तेव्हापासून एप्रिलच्या मध्यापासून पहिल्या पावसापर्यंत मी रेकॉर्ड पाठवत नाही. गिऱ्हाईक कितीही अडून बसलं तरी नाही. पावसाळ्यात पाठवतो, पण प्लास्टिक दोनदा गुंडाळून. पोचल्यावर लगेच ते काढायला सांगतो, कारण आत कोंडलेल्या दमटपणाने कव्हरावर बुरशी धरते.

काकांचं पार्सल डिसेंबरातलं, त्यामुळे त्याबाबत मी निर्धास्त होतो. प्रश्न मोटरचा होता. त्यांचा प्लेअर पट्ट्याचा, म्हणजे मोटर पट्ट्याने थाळी फिरवते असा, म्हणून मी सुचवलं की मोटरवरची पुली सहास पाच मापाने मोठी करून घ्या. जुनी पुली १५ मिलिमीटरची होती. काका हिंगण्याच्या एमआयडीसीत एका लेथवाल्याकडे गेले आणि १८ ची पितळी पुली करून आले. थाळीवर १८० रेघांची चकती ठेवली, तर रेघा थांबेनात. दर फेऱ्याला एखादी रेघ मागे सरकत होती.

मी विचारात पडलो. मग त्यांनीच फोन केला. "पट्ट्याची जाडी धरायची राहिली." बरोबर होतं. पट्टा वळसा घेतो तो पुलीच्या नुसत्या व्यासावर नाही, त्यात पट्ट्याची जाडीही मिळवावी लागते. पट्टा ०.६ मिलिमीटर जाड. म्हणजे १५.६ ची सहास पाच करून १८.७२, त्यातून ०.६ वजा, पुली हवी १८.१२ ची. लेथवाला म्हणे हसला, "एवढ्याशा फरकाने गाण्याचं काय बिघडतंय?" काकांनी दुसरी पुली करून घेतली. परवा रात्री त्यांनी फोन स्पीकरपुढे धरला. आधी पेटीची काळी चार दाबली, मग सुई टेकवली.