अ‍ॅक्सेसचं लॉगिन गेलं कुठे? एमडीडब्ल्यू फाइलची पार्श्वभूमी

चोपडा-शिरपूरकडची जिनिंग, रावेर-सावद्याचा केळीचा व्यापारी, गावातली छोटी पतसंस्था, अशा ठिकाणी जुना अ‍ॅक्सेस डेटाबेस (मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्सेस प्रोग्राममध्ये बनवलेला) अजून कामात असतो. कॉम्प्युटर बदलला, नवीन ऑफिस टाकलं, डेटा एसीसीडीबी या नव्या प्रकारच्या फाइलमध्ये घेतला की तक्रार येते: आधी नाव-पासवर्ड विचारायचं, आता कुणीही उघडतं.

डॉसच्या काळात फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रामच्या डीबीएफ फाइलला स्वतःचं संरक्षण नव्हतं. लॉगिनचा पडदा प्रोग्रामरने लिहिलेला असायचा, आणि पासवर्ड बहुतेक वेळा दुसऱ्या एका डीबीएफमध्येच. ती फाइल थेट उघडली की सगळं समोर. नोव्हेंबर 1992 मध्ये आलेल्या अ‍ॅक्सेसने इथे मोठा फरक केला. परवानगी तपासायचं काम डेटा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या त्याच्या जेट इंजिनकडे गेलं आणि प्रत्येक टेबल, क्वेरी, फॉर्मला वेगळे हक्क देता येऊ लागले.

या रचनेत दोन फाइली होत्या. कोणत्या टेबलावर कुणाला काय करता येईल, हे एमडीबीत, म्हणजे मूळ डेटाबेस फाइलमध्ये. युजर, ग्रुप आणि पासवर्ड वर्कग्रुप फाइलमध्ये; अ‍ॅक्सेस 95 पासून तिचं एक्स्टेंशन एमडीडब्ल्यू. एमडीबी माणसाला नावाने ओळखत नाही. युजरचं नाव आणि 4 ते 20 अक्षरांचा पर्सनल आयडी यांच्यापासून बनलेला एक अंतर्गत क्रमांक ती ओळखते. तेच नाव पण वेगळा आयडी दिला, तर तिच्या लेखी तो परका माणूस.

गोची इथेच व्हायची. ‘अ‍ॅडमिन’ हा मूळ युजर जगातल्या सगळ्या अ‍ॅक्सेसमध्ये एकाच क्रमांकाचा, आणि पासवर्डशिवाय. लॉगिन विचारलं जात नसलं तरी आपण अ‍ॅडमिन म्हणूनच आत असतो. ‘युजर्स’ ग्रुपही सगळीकडे एकच. अनेकांनी फक्त अ‍ॅडमिनला पासवर्ड दिला, ऑफिसच्या मशीनवर लॉगिन दिसू लागलं आणि काम झालं असं समजलं. तीच एमडीबी फ्लॉपीवर दुसऱ्या मशीनवर नेली की तिथली मूळ एमडीडब्ल्यू लागू व्हायची आणि फाइल सताड उघडी.

खरा क्रम असा होता. आधी नवी वर्कग्रुप फाइल बनवायची. ती बनवताना टाकलेलं नाव, संस्था आणि वर्कग्रुप आयडी, तसंच युजरची नावं आणि पर्सनल आयडी कागदावर लिहून तिजोरीत ठेवायचं. नवा युजर ‘अ‍ॅडमिन्स’ ग्रुपमध्ये घालायचा, जुन्या अ‍ॅडमिनला त्या ग्रुपमधून काढून पासवर्ड द्यायचा. मग नव्या युजरने लॉगिन करून कोरी एमडीबी बनवायची आणि त्यात सगळं इम्पोर्ट करायचं. ही पायरी हमखास गाळली जायची. डेटाबेस ज्याने बनवला तो त्याचा मालक, आणि मालकाचे हक्क टिक काढून जात नाहीत. शेवटी ‘युजर्स’ ग्रुपचे सगळे हक्क काढून टाकायचे.

हक्क मात्र बारकाईने देता येत. कापसाच्या काट्यावरच्या माणसाला आवक टेबलावर ‘रीड डेटा’ आणि ‘इन्सर्ट डेटा’ एवढंच; म्हणजे नवं वजन टाकता येईल, टाकलेलं फिरवता येणार नाही. भावाचं टेबल त्याला नुसतं वाचायला. पट्टी करणाऱ्या दिवाणजीला ‘अपडेट’, आणि ‘डिलीट’ फक्त मालकाला. व्यक्तीला हक्क न देता ग्रुपला दिले, की माणूस बदलला तरी नुसतं नाव बदलायचं.

या सगळ्याच्या खाली जमीन मात्र भुसभुशीत होती. विंडोज 98 च्या एफएटी या जुन्या पद्धतीच्या डिस्कवर फाइलला परवानगीच नसते. टेबल सुरक्षित असलं तरी अख्खी फाइल डिलीट करता यायची. अ‍ॅक्सेस 97 चा डेटाबेस पासवर्ड तर फाइलच्या सुरुवातीच्या भागात ठरलेल्या किल्लीने झाकलेला असायचा. तो काढून देणारे छोटे प्रोग्राम सर्रास फिरत.

अ‍ॅक्सेस 2007 मध्ये एसीसीडीबी आली आणि युजर-पातळीची सुरक्षा त्यात ठेवलीच नाही. त्याऐवजी पासवर्ड दिला की पूर्ण फाइल एन्क्रिप्ट होते. पासवर्ड सगळ्यांना एकच, त्यामुळे कुणी काय केलं ते कळत नाही. जुन्या एमडीबीत मात्र जुने हक्क अजूनही चालतात.

आता टेबलं बॅक-एंडला (सगळ्यांच्या सामायिक फाइलमध्ये), फॉर्म-रिपोर्ट फ्रंट-एंडला (वेगळ्या फाइलमध्ये) ठेवून एनटीएफएस (फाइलला परवानगी लावता येणाऱ्या) डिस्कवरच्या फोल्डरवर विंडोजचे हक्क द्यावे लागतात. फोल्डरवर ‘मॉडिफाय’ हक्क हवाच, कारण प्रत्येक वेळी तिथे लॉक फाइल (कोण आत आहे याची नोंद) बनते आणि पुसली जाते. पण ज्याला मॉडिफाय आहे तो फाइल कॉपीही करू शकतो. शिवाय लिंक केलेल्या टेबलांमुळे बॅक-एंडचा पासवर्ड फ्रंट-एंडमध्ये उघडा साठवला जातो. टेबलनिहाय हक्क खरंच हवे असतील तर डेटा एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस या वेगळ्या डेटाबेस सर्व्हरमध्ये न्यावा आणि अ‍ॅक्सेस फक्त फॉर्मपुरतं ठेवावं.

नेताना जुनी एमडीडब्ल्यू लागते. ती हरवली असेल, तर तिजोरीतल्या कागदावरची नावं आणि आयडी कॅपिटल-स्मॉल अक्षरांसकट जशीच्या तशी टाकून नवी बनवता येते. एक अक्षर चुकलं तरी क्रमांक वेगळा, आणि एमडीबी आत घेत नाही.