आर्थिक संकटातील विद्यापीठ आणि अध्यापकांचा कारभार

विद्यापीठाचे उत्पन्न खर्चाला पुरेनासे झाले की कोणते विभाग, अभ्यासक्रम आणि पदे ठेवायची व कोणती काढायची, हे कोणी आणि कोणत्या आकड्यांच्या आधारे ठरवायचे यासंबंधीचे नियम, संकेत आणि वाद यांचा या नोंदीत विचार केला आहे. एरवी विद्यापीठातील अधिकारांची वाटणी ढोबळमानाने ठरलेली असते. पैसा विश्वस्त मंडळाच्या हाती, रोजचे प्रशासन कुलगुरूंच्या किंवा अध्यक्षांच्या हाती, आणि अभ्यासक्रम, परीक्षा, संशोधन व नेमणुकांची शैक्षणिक बाजू अध्यापकांच्या हाती. तुटीच्या काळात ही वाटणी टिकत नाही. जर्मन शिकवणारी सगळी पदे रद्द करणे हा कागदोपत्री खर्चाचा निर्णय असतो. पण त्यानंतर जर्मनचा अभ्यासक्रमच उरत नाही. या विषयावरील जवळजवळ प्रत्येक भांडण याच जागी सुरू होते.

मध्ययुगात पॅरिसचे विद्यापीठ म्हणजे मुळात शिक्षकांचा संघ होता. त्या परंपरेचा अवशेष आज ऑक्सफर्डची ‘काँग्रिगेशन’ आणि केंब्रिजचे ‘रीजंट हाउस’ या सभांत दिसतो. तेथे अध्यापक व वरिष्ठ कर्मचाऱ्यांची सभा हीच अंतिम सत्ता मानली जाते. बाहेरच्या सदस्यांचे बहुमत असलेले कार्यकारी मंडळ आणण्याचा प्रस्ताव ऑक्सफर्डच्या सभेने २००६ मध्ये फेटाळून लावला. हा अपवाद झाला. अमेरिकेत आणि तिच्या वळणाने गेलेल्या देशांत विद्यापीठे आरंभापासून बाहेरच्या विश्वस्तांच्या ताब्यात राहिली. अध्यापकांना जे मिळाले ते विश्वस्तांनी सोडलेले किंवा संघर्षातून मिळवलेले होते, आणि ते बहुधा कायद्याऐवजी संस्थेच्या नियमपुस्तिकेत लिहिलेले असते. नियमपुस्तिका बदलणे कायदा बदलण्यापेक्षा किती सोपे असते, याचा प्रत्यय पुढे आलाच.

अमेरिकेतील विद्यापीठ प्राध्यापकांची संघटना १९१५ मध्ये स्थापन झाली. तत्त्वज्ञ जॉन ड्यूई तिचे पहिले अध्यक्ष. तिच्या १९४० च्या निवेदनात कायम नेमणुकीला, म्हणजे टेन्युअरला, आर्थिक आणीबाणीचा अपवाद मान्य केलेला आहे. मात्र ती आणीबाणी खरी आहे हे दाखवता आले पाहिजे, अशी अट आहे. १९६६ मध्ये याच संघटनेने महाविद्यालयांच्या व विश्वस्त मंडळांच्या राष्ट्रीय संघटनांबरोबर कारभाराविषयीचे निवेदन तयार केले. अभ्यासक्रम, अध्यापनपद्धती, संशोधन आणि अध्यापकांचा दर्जा यांची प्राथमिक जबाबदारी अध्यापकांची, हे त्याचे मुख्य सूत्र. अंदाजपत्रकाबाबत निवेदनाची भाषा सावध आहे. मंडळ, अध्यक्ष आणि अध्यापक या तिघांनाही त्यात ‘आवाज’ असावा, एवढेच ते म्हणते. आवाज असणे आणि मत मोजले जाणे यांत अंतर असते, आणि पुढच्या अर्धशतकातील बराचसा कलह त्याच अंतरातला आहे.

आणीबाणी कोणी ठरवायची?

प्राध्यापक संघटनेच्या शिफारशींनुसार आर्थिक आणीबाणी म्हणजे एका वर्षाची तूट नव्हे. संपूर्ण संस्थेचे अस्तित्व धोक्यात आणणारे आणि कमी कठोर उपायांनी न टळणारे नजीकचे संकट, अशी तिची जुनी व्याख्या होती. २०१३ मध्ये ती थोडी सैल करण्यात आली. अस्तित्वाऐवजी संस्थेची एकूण शैक्षणिक सचोटी मुळातून ढासळवणारे गंभीर संकट, असे शब्द आले. बदलामागे व्यवहारज्ञान होते. कसोटी इतकी कडक होती की प्रशासने ती टाळून दुसऱ्याच वाटा काढू लागली होती. व्याख्या कोणतीही असो, आणीबाणी आहे की नाही हे ठरवण्यात आणि पदे काढण्याआधी इतर पर्याय संपले का हे तपासण्यात अध्यापकांच्या निवडलेल्या मंडळाचा सहभाग असावा, ही शिफारस कायम आहे. ती बंधनकारक कोठेच नाही. संस्थेने ती आपल्या नियमांत किंवा करारात घेतली असेल तेवढीच ती चालते.

न्यायालयात गेलेले सर्वांत बोलके प्रकरण न्यू जर्सीतील ब्लूमफील्ड महाविद्यालयाचे. १९७३ मध्ये या छोट्या महाविद्यालयाने आर्थिक आणीबाणीचे कारण देऊन १३ कायम अध्यापकांना काढले, उरलेल्यांचे टेन्युअर रद्द करून त्यांना एक-एक वर्षाचे करार दिले आणि त्याच सुमारास नवे अध्यापकही नेमले. महाविद्यालयाच्या मालकीचे एक गोल्फचे मैदान होते, आणि ते विकून पैसा उभा करता आला असता का यावर न्यायालयात बराच खल झाला. पहिल्या न्यायालयाने १९७४ मध्ये अध्यापकांच्या बाजूने निकाल दिला. अपील न्यायालयाने तो निष्कर्ष कायम ठेवला, पण वेगळ्या कारणाने. जमीन विकायची की ठेवायची हा व्यवस्थापनाचा प्रश्न, आणि पैशाची अडचणही खरी होती. मात्र अध्यापकांना काढण्यामागचा हेतू ती अडचण दूर करण्याचा नसून टेन्युअर मोडण्याचा होता. संकट खरे असू शकते आणि त्याचा आधार घेऊन केलेली कृती तरीही अप्रामाणिक असू शकते, हा या निकालाचा गाभा. नंतरच्या अनेक वादांत तो उपयोगी पडावा असा आहे, पण बहुतेक वाद न्यायालयापर्यंत पोहोचतच नाहीत.

अलास्का विद्यापीठाची गोष्ट दुसऱ्या टोकाची आहे. २०१९ च्या जूनमध्ये राज्यपाल माइक डनलिव्ही यांनी विद्यापीठाच्या अनुदानातून सुमारे १३ कोटी डॉलर, म्हणजे राज्याच्या वाट्यातील जवळजवळ ४१ टक्के, कापले. जुलैत नियामक मंडळाने आणीबाणी जाहीर केली. ऑगस्टमध्ये राज्यपालांशी तडजोड होऊन कपात तीन वर्षांत मिळून ७ कोटींवर आली आणि आणीबाणी मागे घेण्यात आली. येथे संकट बाहेरून आले, उघडपणे आले, आणि त्याचा आकडा सर्वांना माहीत होता. अशा संकटात प्रशासन आणि अध्यापक निदान एकाच बाजूला उभे राहू शकतात.

आणीबाणी न जाहीर करता

अलीकडच्या मोठ्या कपाती बहुधा आणीबाणी जाहीर न करताच झाल्या आहेत. घोषणेने पतमानांकन घसरते, विद्यार्थी दुसरीकडे जातात, देणगीदार दचकतात. या कारणांत तथ्य आहे. पण घोषणा टाळली की तिच्याशी जोडलेली संरक्षक प्रक्रियाही टळते, हे प्रशासनाच्या नजरेतून सुटलेले नसते.

वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने २०२३ मध्ये सुमारे ४.५ कोटी डॉलरची तूट पुढे करून बाहेरच्या सल्लागार कंपनीच्या मदतीने कार्यक्रमांचा आढावा घेतला. प्रत्येक विभागात विद्यार्थी किती, उत्पन्न किती, खर्च किती, अशी छाननी झाली. ६ सप्टेंबरला अध्यापकांच्या सभेने अध्यक्ष गॉर्डन गी यांच्यावर अविश्वासाचा ठराव ७९७ विरुद्ध १०० मतांनी संमत केला. १५ सप्टेंबरला नियामक मंडळाने २८ अभ्यासक्रम आणि १४३ अध्यापकपदे रद्द करण्यास मंजुरी दिली. दोन्ही तारखांत नऊ दिवसांचे अंतर आहे, आणि अविश्वास ठरावाचे वजन किती याचे उत्तर त्यात आहे. अशा ठरावाला कायद्याचे बळ नसते. त्याने वर्तमानपत्रांत मथळे येतात, कधी पुढच्या अध्यक्षाच्या निवडीवर परिणाम होतो, पण मंडळाने मनावर घेतले नाही तर कपात थांबत नाही.

कॅनडातील सडबरीच्या लॉरेन्शियन विद्यापीठाने त्याहून अनपेक्षित मार्ग धरला. अध्यापक संघाशी झालेल्या करारात आर्थिक आणीबाणीची सविस्तर प्रक्रिया लिहिलेली असताना १ फेब्रुवारी २०२१ रोजी ते कर्जबाजारी कंपन्यांसाठी असलेल्या कायद्याखाली न्यायालयाच्या आश्रयाला गेले. एप्रिलमध्ये ६९ अभ्यासक्रम बंद झाले आणि अध्यापक-कर्मचारी मिळून जवळजवळ २०० जणांच्या नोकऱ्या गेल्या. ऑन्टारियो या तेथील प्रांताच्या महालेखापरीक्षकांनी २०२२ मध्ये दिलेल्या अहवालात विस्तारासाठी केलेल्या भांडवली खर्चाला आणि त्यापायी झालेल्या कर्जाला दोष दिला, तसेच कंपनी कायद्याचा मार्ग विद्यापीठाने स्वतः निवडला, तो अपरिहार्य नव्हता, असे नोंदवले. म्हणजे संकट इमारतींनी आणले आणि फेडले ते वर्गांनी.

ओहायोतील अ‍ॅक्रन विद्यापीठाने २०२० मध्ये कोव्हिडच्या काळात सामूहिक करारातील अनपेक्षित आपत्तीचे कलम वापरून जवळपास शंभर अध्यापकांना कमी केले, आणि लवादाने ते उचलून धरले. त्या काळातील आठ संस्थांची चौकशी करून प्राध्यापक संघटनेने २०२१ मध्ये अहवाल काढला. महासाथीच्या निमित्ताने सामायिक कारभाराचे, म्हणजे निर्णयांत अध्यापकांना वाटा देणारे, नियम बाजूला सारले गेले, हा त्याचा सूर होता. विस्कॉन्सिनमध्ये टेन्युअर आणि अध्यापकांचा कारभारातील वाटा राज्याच्या कायद्यातच होता. २०१५ मध्ये विधिमंडळाने अंदाजपत्रकासोबत टेन्युअर कायद्यातून काढले, कारभारातील वाटा दुबळा केला आणि विद्यापीठ व्यवस्थेचे २५ कोटी डॉलरही कापले. कायद्यातले संरक्षणसुद्धा कायमचे नसते, एवढे त्यावरून कळले.

आकड्यांचा प्रश्न

विद्यापीठ ‘तुटीत’ आहे, हे वाक्य ऐकायला साधे वाटते. पण तूट कोणत्या खात्यात? चालू अंदाजपत्रकात, की इमारतींचा घसारा धरून काढलेल्या ताळेबंदात? देणगीदारांनी विशिष्ट कामासाठी दिलेला निधी त्या कामाव्यतिरिक्त वापरता येत नाही. त्यामुळे शेकडो कोटींची गंगाजळी असलेले विद्यापीठ पगाराला पैसे नाहीत असे म्हणते तेव्हा ते खोटे बोलत असेलच असे नाही. उलट, मंडळाने स्वतःच ‘राखीव’ ठरवलेला निधी मंडळाला मोकळाही करता येतो. हा फरक ज्याला वाचता येत नाही त्याचा सहभाग नावापुरता उरतो. म्हणूनच अनेक ठिकाणी अध्यापक सभा आपल्याच संस्थेतील हिशेबशास्त्राच्या प्राध्यापकांना ताळेबंद वाचायला बसवतात. अंदाजपत्रक समिती संकटापूर्वी अनेक वर्षे नियमित बसत असेल, तर तिच्या हाती तुलना करायला मागचे आकडे असतात. संकट आल्यावर घाईने नेमलेल्या समितीला फक्त प्रशासनाने दिलेली सादरीकरणे मिळतात.

हिशेबाची पद्धतही तटस्थ नसते. १९७० च्या दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने प्रत्येक विद्याशाखेला आपले उत्पन्न व खर्च स्वतः सांभाळणारे केंद्र मानण्याची रीत आणली. पुढे ती बरीच पसरली. तिच्यात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना लेखन शिकवणारा भाषाविभाग तोट्यात दिसेल की नफ्यात, हे शुल्काचा वाटा शिकवणाऱ्या विभागाला जातो की विद्यार्थ्याच्या मूळ शाखेला, या एका नियमावर अवलंबून असते. नियम ठरतो तेव्हा सभागृहात फारसे कोणी नसते. कपात होते तेव्हा सभागृह भरलेले असते.

आकडे दडवण्याचा फटका फक्त अध्यापकांना बसतो असे नाही. स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठाची ३.५ कोटी पौंडांची तूट २०२४ च्या अखेरीस जाहीर झाली आणि प्राचार्य, म्हणजे तेथील विद्यापीठप्रमुख, पायउतार झाले. २०२५ मधील चौकशी अहवालाने आर्थिक देखरेखीतील ढिलाई, पारदर्शकतेचा अभाव आणि वरून खाली आदेश जाणारी संस्कृती यांवर बोट ठेवले.

अध्यापकांची स्वतःची अडचण

प्रशासनाचा एक आक्षेप खोडून काढणे अवघड आहे. सहकाऱ्याचा विभाग बंद करण्यासाठी हात वर करायला कोणीही अध्यापक तयार नसतो. सभेपुढे पर्याय ठेवले की ती सर्वांवर सारखी टक्केवारी लावून कपात करायला, रिकाम्या जागा न भरायला, स्वेच्छानिवृत्तीला कौल देते. हे उपाय माणुसकीचे आहेत आणि कधीकधी पुरेसेही ठरतात. विस्कॉन्सिनच्या स्टीव्हन्स पॉइंट येथील विद्यापीठात २०१८ मध्ये इतिहास, तत्त्वज्ञान, भूगोल यांसह १३ मुख्य विषय बंद करण्याचा प्रस्ताव आला होता. पुरेसे लोक निवृत्त झाल्यावर पुढच्या वर्षी तो मागे घेण्यात आला. पण रिकाम्या जागा न भरण्याने कपात कोठे होईल हे निवृत्तीचे वय ठरवते, शैक्षणिक विचार नव्हे. चांगला आणि कमकुवत विभाग सारखाच खंगतो. दुसरीकडे, अप्रिय निर्णयावर सही करून अध्यापक त्याला वैधता देतात, आणि सही न केल्यास निर्णय त्यांच्याविना होतो. लॉरेन्शियनच्या सेनेटवर, म्हणजे शैक्षणिक निर्णय घेणाऱ्या सभेवर, हीच वेळ आली; बंद दाराआडच्या सभेत तिने अभ्यासक्रम बंद करण्यास मंजुरी दिली.

कामगार संघटना हा दुसरा मार्ग आहे, कारण करार लवादापुढे नेता येतो, निवेदन नेता येत नाही. अमेरिकेतील खासगी विद्यापीठांत मात्र तो १९८० पासून अरुंद आहे. येशिवा विद्यापीठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवले की तेथील अध्यापक कारभारात इतके अधिकार वापरतात की ते व्यवस्थापकच ठरतात, आणि म्हणून सामूहिक सौद्याचा हक्क त्यांना नाही. २०१४ मध्ये श्रमसंबंध मंडळाने पॅसिफिक ल्यूथरन विद्यापीठाच्या प्रकरणात ही कसोटी कडक केली. अध्यापकांचे प्रत्यक्ष नियंत्रण शैक्षणिक कार्यक्रम, प्रवेशधोरण आणि आर्थिक बाबी यांवर चालते का, हे आधी पाहावे असे मंडळाने म्हटले. आर्थिक बाबींवर ते सहसा चालत नाही. कारभारातील उणीवच अशा रीतीने अध्यापकांच्या संघटन-हक्काचा पुरावा झाली.

ब्रिटनमध्ये १९८८ च्या शिक्षण सुधारणा कायद्याने २० नोव्हेंबर १९८७ नंतर नेमलेल्या किंवा बढती मिळालेल्या अध्यापकांचे टेन्युअर संपवले. तेव्हापासून तेथे भांडण कायम नेमणुकीवरून होत नाही, तर सल्लामसलतीचा कालावधी, भरपाईच्या अटी आणि संप यांवरून होते.

या सगळ्या चौकटींतून एक मोठा वर्ग बाहेर राहतो. अमेरिकेत सुमारे दोन तृतीयांश अध्यापक टेन्युअरच्या वाटेवर नसलेल्या करारांवर आहेत. त्यांना कमी करायला आणीबाणी लागत नाही, समिती लागत नाही, कारणही द्यावे लागत नाही. पुढच्या सत्राचे पत्र आले नाही की काम संपते. अनेक अध्यापक सभांत त्यांना जागा नाही किंवा असली तर नगण्य आहे. ‘कायम पदांना हात न लावता तूट भरून काढली’ असे संस्थेच्या निवेदनात लिहिलेले असते, तेव्हा ती बहुधा त्यांच्या तासांतून भरलेली असते.