हवामान आणि उष्णतेची ने-आण

वारा, ढग, पाऊस, वादळ, थंडीची लाट या सगळ्यामागे शेवटी एकच भानगड असते, एका ठिकाणी उष्णता जास्त झालेली असते आणि दुसरीकडे कमी पडलेली असते. सूर्याची ऊर्जा पृथ्वीवर सगळीकडे सारखी पडत नाही, विषुववृत्ताच्या पट्ट्यात ऊन सरळ पडतं, ध्रुवांकडे तिरकं, जमीन पटकन तापते आणि समुद्र आरामात, आणि हा फरक भरून काढायच्या खटपटीत हवा आणि पाणी सतत इकडून तिकडे जात राहतात. आज बाहेर हवा कशी आहे हा या खटपटीचा एक दिवस झाला, आणि साधारण 30 वर्षांची सरासरी घेतली की ते त्या भागाचं हवामान.

आधी जमाखर्च बघू. वातावरणाच्या वर, सूर्यासमोर सरळ धरलेल्या 1 चौरस मीटर जागेवर साधारण 1361 वॅट ऊर्जा येते. पण पृथ्वी गोल आहे आणि अर्धी कायम अंधारात, त्यामुळे सगळीकडची सरासरी काढली तर 340 वॅटच उरतात. त्यातले जवळपास 30 टक्के ढग, बर्फ, वाळू वगैरे आल्या पावली परत पाठवतात. उरले 240, ते शोषले जातात आणि तेवढेच अवरक्त, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांच्या रूपात परत अवकाशात गेले की हिशोब जुळतो. नुसत्या एवढ्या गणिताने पृथ्वीचं सरासरी तापमान उणे 18 अंश सेल्सिअस यायला हवं, प्रत्यक्षात ते 15 च्या आसपास आहे. मधले 33 अंश पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि हे बाहेर जाणारे किरण अडवणाऱ्या अशाच काही वायूंमुळे मिळतात. गंमत म्हणजे कोरड्या हवेचा 99 टक्के भाग असलेले नायट्रोजन आणि ऑक्सिजन यात जवळजवळ काहीच करत नाहीत. आयरिश शास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी 1859 पासून हे प्रयोगशाळेत मोजून दाखवलं, पण कार्बन डायऑक्साइड भरलेली नळी उन्हात जास्त तापते हे युनिस फूट या अमेरिकन बाईंनी 1856 मध्येच नोंदवलं होतं, त्यांचं नाव मात्र पुढे दीडेकशे वर्षं कुणी फारसं घेतलं नाही.

बऱ्याच जणांना वाटतं की सूर्य थेट हवा तापवतो. तसं फार थोडं होतं. ऊन हवेतून बरंचसं आरपार जातं, जमीन आणि समुद्र तापतात आणि मग ते खालून हवा तापवतात, म्हणून तर उंच गेल्यावर सूर्याच्या जवळ जाऊनही गारठा वाढतो, सरासरी दर किलोमीटरला 6.5 अंशांनी. आणि म्हणूनच दिवसातलं सगळ्यात जास्त तापमान भर बारा वाजता नसतं, दोन-तीनच्या सुमाराला असतं. वहन, अभिसरण आणि प्रारण (म्हणजे किरणांच्या रूपात) हे उष्णता जाण्याचे तीन मार्ग शाळेत पाठ करून घेतात, त्यातलं वहन हवेत अगदी जमिनीलगतच्या पातळ थरापुरतंच कामाचं, कारण हवा उष्णतेची वाईट वाहक आहे. तिथून पुढे तापलेली हवा हलकी होऊन वर उठते, ते अभिसरण.

पण खरा हमाल या तिघांत नाहीच, तो आहे पाण्याची वाफ. स्कॉटिश शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी 1760 च्या दशकात दाखवलं की पाण्याची वाफ होताना भरपूर उष्णता खर्च होते पण थर्मामीटर हलत नाही, हीच ती अप्रकट उष्णता. 1 किलो पाणी 0 वरून 100 अंशांपर्यंत तापवायला साधारण 420 किलोज्यूल लागतात, आणि तेच पाणी समुद्रावरून वाफ होऊन उडताना जवळपास 2500 किलोज्यूल घेऊन जातं. ही वाफ वाऱ्याबरोबर हजारो किलोमीटर जाते, वर चढते, गार होते, ढग बनते, आणि घेतलेली सगळी उष्णता तिथे परत सोडते. जगाची सरासरी बघितली तर पृष्ठभागावरून असे चौरस मीटरला साधारण 80 वॅट वर जातात, नुसत्या गरम हवेतून जेमतेम 20. आता 1 चौरस किलोमीटरवर 10 मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे तो तयार होताना वर किती ऊर्जा मोकळी झाली असेल? जवळपास 70 लाख युनिट विजेएवढी. गडगडाटी ढग एवढा उंच का चढतो याचं उत्तर यातच आहे.

चक्रीवादळाचं इंधनही हेच. समुद्राचं पाणी वरच्या बऱ्यापैकी जाड थरात साधारण 26.5 अंशांच्या वर असेल तर वादळाला वाफेचा पुरवठा होत राहतो, जमिनीवर आलं की पुरवठा तुटतो आणि ते कमजोर पडतं, नुसतं घर्षणामुळे नाही.

डोंगरावर हाच खेळ उलटा दिसतो. दमट हवा चढताना पाऊस पाडते आणि मोकळी झालेली उष्णता ठेवून घेते, मग पलीकडे उतरताना दाबली जाऊन किलोमीटरला जवळपास 10 अंशांनी तापते, म्हणजे चढली त्यापेक्षा गरम होऊन खाली येते. असा उतरता गरम वारा आला तेव्हा, 22 जानेवारी 1943 ला, अमेरिकेतल्या स्पिअरफिश गावात तापमान 2 मिनिटांत उणे 20 वरून 7 अंशांवर गेलं.

मोठ्या पातळीवर बघायचं तर विषुववृत्ताजवळ हवा उठते, वरून ध्रुवांकडे निघते आणि 30 अक्षांशाच्या आसपास कोरडी होऊन खाली बसते, सहारा आणि कलहारी तिथेच का आहेत ते यावरून कळतं. इंग्रज अभ्यासक जॉर्ज हॅडली यांनी 1735 मध्ये विषुववृत्ताकडे तिरके वाहणाऱ्या व्यापारी वाऱ्यांचं कोडं पृथ्वीच्या फिरण्याशी जोडलं, पण त्यांना वाटलं तसं हे चक्र थेट ध्रुवापर्यंत जात नाही. मधल्या अक्षांशांत उष्णता पुढे नेण्याचं काम मुख्यतः भोवऱ्यासारखी फिरणारी वादळं करतात.

समुद्राचं काम वेगळं, तो साठवतो. त्याच्या वरच्या साधारण 3 मीटर पाण्यात अख्ख्या वातावरणाइतकी उष्णता मावते. किनाऱ्यावर दिवसा खारे वारे आणि रात्री मतलई वारे वाहतात ते जमीन आणि पाण्याच्या या फरकामुळे, मान्सूनमागेही हा फरक मोठ्या प्रमाणात आहेच, आणि समुद्रापासून लांब असलेल्या सायबेरियातल्या वेर्खोयान्स्कमध्ये उणे 67.8 आणि 2020 मध्ये अधिक 38 अशा दोन्ही नोंदी झाल्या तेही त्यामुळेच. पश्चिम युरोपचा हिवाळा सौम्य असण्याचं सगळं श्रेय अटलांटिकमधल्या गल्फ स्ट्रीम या उष्ण प्रवाहाला द्यायची पद्धत आहे, ते जरा जास्तच होतं, समुद्रावरून येणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांचा वाटाही मोठा आहे.

सध्या जमाखर्च जुळत नाहीये. उद्योगयुगाच्या आधी हवेत दहा लाख भागांत 280 भाग कार्बन डायऑक्साइड होता, आता 420 च्या वर गेलाय, त्यामुळे जेवढी ऊर्जा येते त्यापेक्षा थोडी कमी बाहेर जाते आणि साठलेल्या जादा उष्णतेतली जवळपास 90 टक्के समुद्रात मुरते. बर्फ वितळला की खालचं गडद पाणी आणखी ऊन शोषतं, ते वेगळंच. हवा 1 अंशाने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त वाफ मावते, म्हणजे पाऊस पडतो तिथे ढगाला जास्त इंधन आणि मुसळधार सरी, आणि पडत नाही तिथे तीच तहानलेली हवा मातीतला ओलावा आधीपेक्षा लवकर ओढून घेते.