धाप, धास्ती आणि झोपेची गोळी

पावसाळ्यात गोव्यातल्या साखळी-वाळपईकडच्या घरांत भिंतींना ओल धरते आणि सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनळ्या अरुंद करणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या, रुग्णाची धाप वाढते. घरात या आजाराला सरसकट ‘दमा’च म्हणतात. रात्री रुग्ण दचकून उठून बसतो, छाती धडधडते, आता काही खरं नाही असं वाटतं. मग घरचे डॉक्टरांना म्हणतात, ‘बाबांचा जीव घाबरतो, झोपेची एखादी गोळी द्या की.’

मागणी समजण्यासारखी आहे. सीओपीडीत श्वास घेण्यापेक्षा सोडणं अवघड असतं. माणूस घाबरला की भरभर श्वास घेतो, आधीची हवा पुरती बाहेर पडण्याआधीच पुढची आत येते, छातीत हवा साचते आणि धाप आणखी वाढते. म्हणून ‘सगळे मनाचे खेळ’ असं म्हणणाऱ्या नातेवाइकांचा मला रागच येतो.

पण अल्प्राझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम या गोळ्या मेंदूला शांत करतात तेव्हा फक्त भीतीलाच शांत करत नाहीत. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की श्वास वाढवायला लावणारी मेंदूची यंत्रणाही त्यांनी मंदावते. घशाचे स्नायू सैलावतात. निरोगी माणसाला एखाद्या गोळीने फारसं काही होत नाही. ज्याच्या रक्तात हा वायू आधीच साचतो, त्याचं गणित बिघडू शकतं. सकाळी डोकं दुखणं, दिवसभर गुंगी, बोलण्यात गोंधळ दिसला तर ‘बरी झोप लागली’ म्हणून समाधान मानू नये, लगेच डॉक्टरांना दाखवावं. सोबत दारू किंवा ट्रामाडोलसारखी वेदनाशामक गोळी असेल तर धोका कितीतरी वाढतो.

घरी कायम ऑक्सिजनवर असलेल्या 2,249 सीओपीडी रुग्णांचा स्वीडनमधला अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. अल्प्राझोलामच्या गटातली औषधं घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त होतं, आणि मात्रेबरोबर ते वाढत होतं. अर्थात, जास्त आजारी माणसालाच गोळी दिली जाते, त्यामुळे सगळा दोष गोळीच्या माथी मारता येत नाही.

आपल्याकडे आणखी एक खाचखळगा आहे. घबराटीसाठीच्या, दोन औषधं एकत्र असलेल्या काही गोळ्यांत प्रोप्रानोलॉल हे हृदयाचे ठोके मंदावणारं औषध असतं. धडधड थांबते खरी, पण दम्याच्या प्रवृत्तीच्या श्वासनळ्या त्याने आवळतात. पाकिटावरची घटकांची ओळ वाचून घ्यावी.

आणि घबराट नेहमी घबराटच असते असंही नाही. श्वासनळ्या मोकळ्या करणारी औषधं, म्हणजे साल्बुटामोलचा पंप जास्त ओढला किंवा थिओफिलिन वाढलं, तरी हात कापतात, छाती धडधडते, झोप उडते. अशा वेळी आधीची औषधं तपासायची, त्यांच्यावर नवी गोळी चढवायची नाही.

चिंताविकार खराच असेल तर सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रामसारखी औषधं श्वासाच्या दृष्टीने बरीच सुरक्षित. गुण यायला काही आठवडे लागतात. नुसत्या धापेवर मात्र त्यांचा उपयोग नाही. ओठ चंबूसारखे करून हळू श्वास सोडणं, पुढे वाकून बसणं, चेहऱ्यावर छोटा पंखा धरणं यांनी तत्काळ आराम पडतो. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालचा व्यायाम धाप आणि भीती दोन्ही कमी करतो. समुपदेशनाचाही उपयोग होतो; नुसत्या बोलण्याने काय होणार, अशी शंका असेल त्यांनी गोव्यातलाच ‘मानस’ प्रयोग आठवावा: डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना मदत केली, आणि तिथे रुग्ण बरे होण्याचं प्रमाण वाढलं. 2010 मध्ये ‘लॅन्सेट’ने त्याचे निष्कर्ष छापले.

अल्प्राझोलाम वर्षानुवर्षं चालू असेल तर हे वाचून उद्यापासून बंद करू नका. एकदम सोडल्यास आकडीचे (फिटचे) झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा थोडी थोडी उतरवायची, गरज पडली तर त्यात महिने गेले तरी चालतील.