अकरा महिने, साठ महिने, छत्तीस महिने: को-वर्किंगच्या करारातल्या कलमांमागचा इतिहास

मुंबई-पुण्यात शेअर्ड ऑफिस (को-वर्किंग) चालवणारी कंपनी, म्हणजे ‘चालक’, इमारतमालकाशी जो करार करते, तो बहुधा ‘लीव्ह अँड लायसन्स’चा असतो. पुढे तीच कंपनी सभासदांना डेस्क किंवा केबिन देते, तेही लायसन्सवरच. म्हणजे एकाच जागेवर लायसन्सचे दोन थर चढतात. कराराच्या मसुद्यात जी कलमं ‘स्टँडर्ड आहे, बदलत नाही’ म्हणून पुढे सरकवली जातात, त्यांतली बरीचशी मालकांच्या जुन्या धास्तीतून आली आहेत. कोणती धास्ती अजून खरी आणि कोणती केव्हाच विरली, हे कळलं की घासाघीस कुठे करायची तेही कळतं.

सुरुवात १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यापासून. त्याने जुन्या जागांचं भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधलं आणि भाडेकरूला काढणं जवळपास अशक्य केलं. एका बाजूने पागडी फोफावली. दुसऱ्या बाजूने मालकांच्या वकिलांनी १८८२ चा सुखाधिकार कायदा वर काढला. त्याच्या कलम ५२ प्रमाणे लायसन्स म्हणजे जागा वापरण्याची नुसती परवानगी. जागेत हक्क निर्माण होत नाही, त्यामुळे भाडेकरूचं संरक्षणही मिळत नाही. मग जो तो भाड्याच्या कराराला लायसन्स म्हणू लागला. १९५९ मध्ये असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की कागदाचं नाव नव्हे, आशय पाहायचा; जागेचा एकहाती ताबा कोणाकडे आहे ते पाहायचं. प्रकरण होतं दिल्लीच्या इम्पीरियल हॉटेलमधल्या खोल्यांत चालणाऱ्या केशकर्तनाच्या व्यवसायाचं. दुसऱ्याच्या इमारतीत, दुसऱ्याच्या सोयी वापरून आपलं गिऱ्हाईक सांभाळणारा हा धंदा आजच्या को-वर्किंगचा पूर्वजच म्हणायचा.

‘कायदेशीर ताबा सदैव मालकाकडे राहील’ हे वाक्य आणि सभासदाला दुसऱ्या केबिनमध्ये हलवण्याचा चालकाचा अधिकार, दोन्ही याच कसोटीसाठी लिहिलेले असतात. सभासदाने हलवण्याचं कलम पूर्ण काढायला सांगितलं तर चालक मानणार नाही. त्याऐवजी तेवढ्याच आकाराची केबिन, तीच इमारत, १५ दिवसांची सूचना आणि हलवण्याचा खर्च चालकाकडे, एवढं मागावं. ते सहसा मिळतं.

मालकांचा खरा थरकाप उडाला तो १९७३ मध्ये. १९४७ च्या त्याच कायद्यात कलम १५-अ आलं आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो लायसन्सवर जागेत होता, निदान एका खोलीत, तो एका फटक्यात भाडेकरू ठरला. त्यानंतर अनेकांनी जागा रिकामी ठेवली, पण दिली नाही. गोठलेली भाडी आता अवाजवी झाली आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात म्हटलं आणि ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला. त्याच्या कलम ३(१)(ब) ने बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि १ कोटी रुपये किंवा अधिक भरणा भांडवल (भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेली रक्कम) असलेल्या प्रायव्हेट व पब्लिक लिमिटेड कंपन्यांना दिलेल्या जागा कायद्याबाहेर काढल्या. चालकाचं भरणा भांडवल किती, हा मालकाचा पहिला प्रश्न असतो तो यामुळे. यादीत एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) नाही. हा प्रकारच २००८ च्या कायद्याने आला. एलएलपीच्या नावाने मोठी जागा मागणाऱ्याला डिपॉझिट जास्त पडतं किंवा दारातूनच परत जावं लागतं.

आता अकरा महिने. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षावरच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, म्हणून अकरा महिन्यांची पळवाट निघाली. महाराष्ट्रात तिला आता अर्थ उरलेला नाही. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सही लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो. जबाबदारी मालकाची आहे आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत जागा घेणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं. तरी अकरा महिन्यांचे कागद फिरतातच. सवय मोडत नाही.

साठ महिन्यांचं कारण मात्र ठोस आहे: मुद्रांक शुल्क. महाराष्ट्र मुद्रांक कायद्याच्या अनुच्छेद ३६-अ प्रमाणे ६० महिन्यांपर्यंत ०.२५ टक्के शुल्क लागतं. ते एकूण लायसन्स फी, परत न मिळणारी रक्कम आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्के मानीव व्याज यांच्या बेरजेवर. समजा ४,००० चौरस फूट, दर १२० रुपये, म्हणजे महिना ४.८० लाख, ३६ महिन्यांनंतर १५ टक्के वाढ, डिपॉझिट सहा महिन्यांचं, २८.८० लाख. पाच वर्षांची फी ३०५.२८ लाख, मानीव व्याज १४.४० लाख, शुल्क ७९,९२० रुपये. तोच करार ६१ महिन्यांचा केला तर भाडेपट्ट्याचा हिशेब लागतो: बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांवर हस्तांतरणाचा (खरेदीखताचा) दर. बाजारमूल्य ६ कोटी आणि दर नुसता ५ टक्के धरला तरी साडेसात लाख.

नूतनीकरणाचं कलम ६० महिन्यांच्या करारात ठेवायला हरकत नाही, अनुच्छेदातच तशी सोय आहे. पण ‘परस्परसंमतीने ठरेल त्या दराने’ असं लिहिलं की ते कलम कागदापुरतंच उरतं; दर अनिश्चित, म्हणून अंमलबजावणी नाही. आकडा किंवा सूत्र लिहून घ्यावं.

मालकाच्या सोयीचा हा लायसन्स चालकाला मात्र उघड्यावर ठेवतो. सुखाधिकार कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे, उलट हेतू व्यक्त नसेल तर लायसन्स दुसऱ्याला देता येत नाही. सभासदांना जागा देण्याची परवानगी नेमक्या शब्दांत नसेल, तर धंद्याचा पायाच बेकायदा ठरतो. प्रत्येक सभासदागणिक मालकाची लेखी संमती लागेल असं कलम टाळावं. एकदाच सरसकट संमती घ्यावी, पत्त्यावर जीएसटी नोंदणी घेण्यासाठीच्या ना-हरकतीसह. कलम ५९ प्रमाणे मालकाने जागा विकली तर नवा मालक लायसन्सने बांधला जात नाही. कलम ६० प्रमाणे लायसन्स एरवी रद्द करता येतो. इथे उपयोगी पडू शकेल असा अपवाद आहे तो कायमस्वरूपी बांधकामावर खर्च केला असेल तर, आणि उचलून नेता येणारी काचेची पार्टिशन त्यात बसवणं कठीण. म्हणून मालकावरही पूर्ण मुदतीचा लॉक-इन (तोवर करार मोडायचा नाही, अशी अट) हवा, विक्री झाल्यास नव्या खरेदीदाराकडून करार पाळून घेण्याची हमी हवी, आणि जागा तारण असेल तर बँकेची ना-हरकत सहीआधी हातात हवी.

चालकावरचा छत्तीस महिन्यांचा लॉक-इन ही या धंद्याची जगभरची दुखरी नस आहे. १९८९ मध्ये ब्रसेल्समध्ये सुरू झालेल्या रीगस या शेअर्ड ऑफिस कंपनीने लांब मुदतीची भाडी डोक्यावर घेतली, ग्राहक मात्र अल्प मुदतीचे. डॉट-कॉमचा फुगा फुटल्यावर जानेवारी २००३ मध्ये तिच्या अमेरिकी व्यवसायाला दिवाळखोरीचं संरक्षण घ्यावं लागलं. २०१९ मध्ये याच धंद्यातल्या वीवर्क कंपनीच्या शेअरविक्रीच्या कागदपत्रांत ४७ अब्ज डॉलरच्या भाडेबांधिलक्या दिसल्या, विक्री बारगळली. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत वीवर्कवरही दिवाळखोरीचं संरक्षण घेण्याची पाळी आली. कारण दोन्हीकडे एकच: सभासद महिन्याच्या नोटिशीवर निघून जातो, चालक अडकून राहतो.

भारतात यावर ‘ऑफिस’ (Awfis) नावाच्या को-वर्किंग कंपनीसारख्यांनी वेगळी वाट धरली: फिट-आउटचा (आतल्या मांडणी-सजावटीचा) सगळा किंवा काही खर्च मालकाचा, बदल्यात किमान हमी किंवा उत्पन्नात वाटा. इथे भांडण होतं ते उत्पन्नाच्या व्याख्येवर. मीटिंग रूम, कॅफे, प्रिंटिंग, आभासी पत्ता हे धरायचे का, दलाली आधी वजा करायची की नंतर, हे लिहिलेलं नसतं. जीएसटी वगळून आकडा, महिन्याचं विवरण आणि मालकाला हिशेब तपासण्याचा अधिकार, इतकं तरी असावं.

२०२० च्या टाळेबंदीने आणखी एका कलमाला महत्त्व आणलं. जागा सोडायची नाही पण भाडं थांबवायचं, अशी मागणी दिल्ली उच्च न्यायालयाने त्या मे महिन्यात रामानंद प्रकरणात मान्य केली नाही. करारात तरतूद आहे का हेच आधी पाहिलं. म्हणून ‘फोर्स मेज्युअर’मध्ये (आवाक्याबाहेरच्या आपत्तीच्या कलमात) नुसतं ‘साथरोग’ लिहून भागत नाही. शासकीय आदेशाने प्रवेश बंद असेल त्या दिवसांची फी थांबेल की निम्मी होईल, कॉमन एरिया मेंटेनन्स चालू राहील का, आणि ९० दिवसांपुढे बंदी गेली तर लॉक-इन असूनही बाहेर पडता येईल का, हे आकड्यांत लिहावं लागतं.