मतदानाच्या वेळी फोटो ओळखपत्र (ग्रामीण विदर्भ)

बूथवर मत टाकायच्या आधी फोटो असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं हा आपल्याकडे आता मुरलेला नियम आहे, आणि तो असावा का नसावा यावर फारशी चर्चाच होत नाही कारण बहुतेकांना तो पहिल्यापासूनच आहे असं वाटतं. तसं नाही. निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, म्हणजे गावाकडचं इलेक्शन कार्ड, किंवा आयोगानं ठरवून दिलेल्या बाकीच्या कागदांपैकी एखादा, यातलं काहीतरी हातात लागतं. पण कार्ड आहे म्हणून मत टाकता येतं असं नाही, यादीत नाव असलं तरच येतं, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. दर निवडणुकीत कोणीतरी बूथच्या दारात कार्ड हलवत उभा असतोच की हे पाहा ना साहेब कार्ड, मग नाव काऊन नाही.

फोटोची कल्पना जुनी आहे. १९६० मध्ये कलकत्त्याच्या नैऋत्य लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणुकीच्या वेळी मतदारांचे फोटो काढून कार्ड द्यायचा प्रयोग झाला, तो फसला, कारण बऱ्याच बायकांनी फोटो काढू द्यायला नकार दिला आणि बरीच माणसं घरी सापडलीच नाहीत. मग ते तसंच पडून राहिलं. १९९३ च्या ऑगस्टमध्ये मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी देशभर फोटो कार्ड द्यायचा आदेश काढला आणि १ जानेवारी १९९५ पर्यंत कार्डं झाली नाहीत तर निवडणुकाच घेणार नाही असा दम भरला. दम काही खरा झाला नाही, महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक १९९५ मध्येच झाली, पण गावोगावी फोटो निघायला लागले. त्या काळातली काळी-पांढरी लॅमिनेशनवाली कार्डं अजूनही कित्येक म्हाताऱ्यांच्या पेटीत आहेत, त्यावरचा फोटो आणि समोरचा माणूस यांचा मेळ बसवणं हे त्या बिचाऱ्या मतदान अधिकाऱ्याचं काम.

कार्ड नसेल तर काय चालतं, हे गावात अर्ध्या लोकांना माहीत नसतं. २०२४ च्या लोकसभा आणि विधानसभा दोन्ही वेळी आयोगानं १२ पर्याय दिले होते. आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, पासपोर्ट, रोजगार हमीचं जॉब कार्ड, बँकेचं किंवा पोस्टाचं फोटोवालं पासबुक, फोटो असलेला पेन्शनचा कागद, दिव्यांगांचं युडीआयडी कार्ड, सरकारी नोकरीचं ओळखपत्र, कामगार मंत्रालयाचं आरोग्य विम्याचं स्मार्ट कार्ड, जनगणनावाल्यांचं स्मार्ट कार्ड, आणि आमदार-खासदारांचं स्वतःचं ओळखपत्र. शेवटच्याचा आपल्या गावाला काय उपयोग ते सोडून द्या. राशन कार्ड यात नाही, आणि नेमकं तेच घेऊन येणारे असतात, कारण घरातला सगळ्यात जपून ठेवलेला सरकारी कागद तोच. पासबुकाचंही तसंच, चालतं म्हणतात पण फोटो चिकटवून त्यावर बँकेचा शिक्का पाहिजे आणि पुष्कळ पासबुकांवर फोटोची जागा रिकामीच असते. आयोगाची फोटोवाली मतदार चिठ्ठी काही वर्षं चालली, २०१९ पासून नुसत्या तिच्यावर मत टाकता येईना आणि २०२१ मध्ये तिच्यावरचा फोटोच काढून टाकला, आता ती फक्त माहितीची चिठ्ठी. मोबाईलमधलं कार्ड दाखवतो म्हणणाऱ्या पोरांचीही पंचाईत होते, कारण मोबाईल आत नेऊ देत नाहीत.

प्रत्यक्षात खेड्यात काम भागतं ते आधारवर. आणि आधार जवळ असतं ते निवडणुकीमुळे नाही, एसटीमुळे. पंच्याहत्तरीच्या वरच्यांना २०२२ पासून एसटी फुकट झाली, पासष्टीच्या वरच्यांना अर्धं तिकीट, कंडक्टर वय पाहायला आधार मागतो, मग बुढा-बुढी आधार पिशवीत घेऊनच फिरतात. राशनच्या मशीनवर आधार, कापूस विकायला आधार, लाडक्या बहिणीला आधार. म्हणून फोटो ओळखपत्राची सक्ती आपल्याकडे जेवढी टोचायला पाहिजे तेवढी टोचत नाही.

बूथवरचं काम असं चालतं. पहिला मतदान अधिकारी यादी घेऊन बसतो, कार्ड पाहतो, नाव आणि अनुक्रमांक मोठ्यानं वाचतो. दुसरा बोटाला शाई लावतो आणि रजिस्टरमध्ये सही किंवा अंगठा घेतो. तिसरा मशीन सुरू करून देतो. हे मोठ्यानं वाचणं फार महत्त्वाचं आहे, कारण बाजूला पक्षांचे पोलिंग एजंट बसलेले असतात आणि खरी ओळख तेच पटवतात. कर्मचारी दुसऱ्या भागातून आलेले, त्यांना गावातलं कोणीच माहीत नाही, एजंट मात्र त्याच गावचे किंवा शेजारच्या बूथचे, कोण कोणाची सून, कोण मागच्या पोळ्याला वारलं, सगळं तोंडपाठ. नाव पुकारलं आणि एजंट काही बोलला नाही की माणूस पटला. कार्ड विसरलेल्या बुढीसाठी एखादा एजंट म्हणतोच, "आमच्याच मोहल्ल्यातली हाये ना गुरुजी, जाऊ द्या." पण तसं जाऊ देता येत नाही, गुरुजी केंद्राध्यक्ष, म्हणजे बूथचे मुख्य अधिकारी, असतील तर बुढीला घरी पाठवून आधार आणवतात, आणि भर उन्हात, लोकसभेला विदर्भात मत पडतं ते एप्रिलमध्ये, दुसऱ्यांदा यायचं म्हणजे बुढी येते का नाही हे देवालाच ठाऊक.

एजंटला शंका आली तर तो आक्षेप घेऊ शकतो, त्यासाठी त्यानं केंद्राध्यक्षाकडे रोख २ रुपये भरायचे. हो, दोनच, १९६१ च्या नियमातला आकडा आहे. मग केंद्राध्यक्ष तिथल्या तिथं चौकशी करतो, त्या माणसाला यादीतल्या नावाबद्दल प्रश्न विचारतो, बापाचं नाव काय, घरात कोण कोण, गरज पडली तर गावातल्या जबाबदार माणसाला किंवा शेजाऱ्याला विचारतो. आक्षेप खोटा निघाला आणि उगाच त्रास द्यायला घेतला असं वाटलं तर २ रुपये जप्त. खरा निघाला तर तोतया पोलिसांच्या ताब्यात. फोटो नव्हते तेव्हा सगळा कारभार यावरच चालायचा, आणि छोट्या गावात बऱ्यापैकी चालायचाही.

मग फोटो कशाला पाहिजे? माझं मत, पाहिजे, पण ज्या कारणासाठी सांगतात त्यासाठी नाही. हजार-बाराशे मतदारांच्या गावात परका माणूस येऊन दुसऱ्याच्या नावावर मत टाकून जाईल हे अवघडच. उपयोग होतो तो गरिबाला. ज्याचं गावातल्या वजनदार माणसांशी पटत नाही, त्याची ओळख एजंटच्या मर्जीवर राहू नये म्हणून. हातात कागद असला की "याला मी ओळखत नाही" म्हणायची कोणाची टाप नाही. हीच गोष्ट उलटी झाली तर सक्ती वाईट, म्हणजे कागद मिळवायलाच पैसे किंवा तालुक्याच्या चकरा लागत असतील तर. अमेरिकेत सगळा वाद यावरच आहे, तिथं इंडियाना राज्याचा फोटो ओळखपत्राचा कायदा सुप्रीम कोर्टानं २००८ मध्ये कायम ठेवला तरी भांडण मिटलं नाही. इंग्लंडमध्ये २०२३ च्या मे महिन्यातल्या स्थानिक निवडणुकांत पहिल्यांदा ही सक्ती आली आणि साधारण १४ हजार लोक केंद्रावरून परत गेले ते परत आलेच नाहीत. आपल्याकडे १२ पर्याय आहेत म्हणून तेवढं होत नाही, आणि कार्डावर नावाच्या स्पेलिंगची किंवा वयाची किरकोळ चूक असेल तर ती सोडून द्यायची असा आयोगाचा आदेशही आहे. बायकांना याची फार गरज पडते, आधारवर माहेरचं नाव, यादीत सासरचं, कार्डावर तिसरंच काहीतरी.

आता खरं दुखणं. फोटो कार्ड बूथवरचा तोतया पकडतं, यादीतला घोळ पकडत नाही. याचं सगळ्यात ठळक उदाहरण आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात आहे. जिवती तालुक्यात तेलंगणाच्या सीमेवर १४ गावं आहेत, परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा वगैरे, त्यांच्यावर दोन्ही राज्यांचा दावा. तिथं लोकांकडे दोन राशन कार्डं, दोन सरपंच आणि दोन मतदार कार्डं. दोन्ही कार्डं खरी, दोन्हीवरचा फोटो त्याच माणसाचा. कायद्यानं एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात पाहिजे, पण इथं दोन सरकारांनीच दोन्हीकडे नाव घातलं तर तो काय करणार, पाणी एक देतं, पट्टा दुसरं देतं, मत दोघांना. २०२४ मध्ये चंद्रपूरचं मतदान १९ एप्रिलला आणि पलीकडं आदिलाबादचं १३ मे ला, मधल्या दिवसांत कातडीवरची शाई केव्हाच गेलेली आणि नखावरचीही वर सरकलेली. इथं फोटो दाखवून काय सिद्ध होणार!

हीच गावं ज्या राजुरा मतदारसंघात येतात तिथंच ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या तोंडावर, नाव नोंदवायचे ऑनलाइन अर्ज ढिगानं आले, तपासात साडेसहा हजारांच्या वर अर्ज बोगस निघाले, प्रशासनानं ते फेटाळले आणि पोलिसांत गुन्हा दाखल केला. ते पकडले गेले घरोघरी जाऊन पाहिल्यावर, मतदानाच्या दिवशीच्या कार्डावर नाही. बीएलओ, म्हणजे बूथच्या मतदार यादीचं काम पाहणारा कर्मचारी, म्हणून फिरणारी अंगणवाडीची बाई किंवा जिल्हा परिषदेचा मास्तर हे या सगळ्यातलं खरं कुलूप आहे, आणि त्यांच्याकडे आधीच पन्नास कामं.

मेळघाटातून वीटभट्टीवर, यवतमाळातून पुण्याच्या कंपन्यांत गेलेल्यांचं नाव बहुधा गावातच राहतं. कार्ड असतं, माणूस नसतो. अशा गैरहजर, स्थलांतरित आणि मयत मतदारांची वेगळी यादी केंद्राध्यक्षाकडे दिलेली असते आणि त्यातला कोणी मत द्यायला आला तर त्याची ओळख जास्त कडक तपासायची असते. पुण्याहून रात्रभर ट्रॅव्हल्सनं येऊन सकाळी रांगेत लागलेल्या पोराला या चौकशीचा राग येतो, ते साहजिकच आहे.

आणि एवढं करूनही कोणी तुमच्या नावावर आधीच मत टाकून गेला असेल तर भांडत बसू नका, टेंडर व्होट मागा. ओळख पटली तर केंद्राध्यक्ष कागदी मतपत्रिका देतो, ती वेगळ्या पाकिटात बंद होते. मतमोजणीत ती धरत नाहीत, कोर्टानं सांगितलं तरच उघडतात. राजस्थानात नाथद्वारा इथं २००८ मध्ये सी. पी. जोशी १ मतानं पडले तेव्हा अशाच टेंडर मतांचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता.