रीटच्या लाभांशाचं पुनर्वर्गीकरण

भाड्याने दिलेल्या इमारती ताब्यात ठेवून त्यांचं उत्पन्न युनिटधारकांत, म्हणजे ज्यांनी त्याचे हिस्से घेतलेत त्यांच्यात, वाटणारा ट्रस्ट म्हणजे रीट. तो जे पैसे वाटतो त्याला बोलण्यात सरसकट डिव्हिडंड म्हणतात, पण करकायद्याच्या लेखी ते एका जातीचे पैसे नसतात, त्यात व्याज असतं, लाभांश असतो, क्वचित थेट भाडं असतं आणि कर्जफेड म्हणून परत आलेलं मुद्दलही असतं. यातला एखादा तुकडा एका खान्यातून उचलून दुसऱ्या खान्यात टाकला की ते पुनर्वर्गीकरण. सांगलीत सीएच्या ऑफिसात हा शब्द कोणी वापरत नाही, तिथे नुसतं ‘हेड बदललं’ म्हणतात, आणि खरं तर तेच जास्त नेमकं आहे. हातात पडणारी रक्कम जवळपास तीच राहते, बदलतो तो कर, आणि पुढे युनिट विकताना धरायचा खरेदीभाव.

हेड दोन वाटांनी बदलतं. अमेरिकेत वर्ष संपल्यावर हिशेब लागतो आणि आधी वाटलेल्या पैशावर नवं लेबल चिकटतं, भारतात लेबल वाटपाच्या दिवशीच सांगितलेलं असतं पण कायदाच मधे बदलतो. सेबीने (शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या मंडळाने) अलीकडे केलेलं वर्गीकरण ही तिसरीच गोष्ट आहे, तिची यात उगाच सरमिसळ होते, त्याबद्दल खाली.

उगमाबद्दलची मतं

रीट कधी सुरू झालं हे सांगताना बहुतेक ठिकाणी १४ सप्टेंबर १९६० ही तारीख देतात, त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी कायद्यावर सही केली. कायदा मुळात सिगारवरच्या अबकारी कराला मुदतवाढ देण्याचा होता, रीटची कलमं त्याच्या शेपटीला बांधून पास झाली. (जयसिंगपूर-निपाणीचा तंबाखू शेजारी असलेल्या सांगलीकराला तंबाखूच्या कायद्यातून भलतंच काही निघालं याचं फार नवल वाटू नये.) करपात्र उत्पन्नाचा किमान ९० टक्के भाग वाटून टाका, मग वाटलेल्या भागावर ट्रस्टला कर नाही, घेणाऱ्याने भरावा, असा तो सौदा. ही अट मध्यंतरी ९५ टक्के झाली आणि २००१ पासून परत ९० वर आली.

दुसरं मत याच्या बरंच मागे, एकोणिसाव्या शतकातल्या बोस्टनकडे जातं. तिथे मॅसॅच्युसेट्स राज्यात कंपन्यांनी नुसती गुंतवणूक म्हणून जमीनजुमला बाळगण्यावर निर्बंध होते, म्हणून लोक ट्रस्ट काढून त्याचे हिस्से विकायचे. हे ट्रस्ट कराच्या बाबतीत बरे दिवस बघत होते तोवर १९३५ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात मॉरिसी खटला निकाली निघाला. लॉस एंजेलिसजवळच्या गोल्फ मैदानासाठी काढलेला ट्रस्ट होता तो, आणि कोर्टाने सांगितलं की वागणं कंपनीसारखं असेल तर कर पण कंपनीसारखाच, नावात ट्रस्ट असल्याने काही फरक पडत नाही. १९६० चा कायदा हा या निकालाने गेलेली सवलत अटी घालून परत देणारा होता असं या मताचे लोक मांडतात. प्रस्तुत नोंदीपुरतं हे दुसरं मत जास्त कामाचं वाटतं, कारण पैशाचं हेड बदलायच्या आधी ट्रस्टचंच हेड बदललं होतं हे त्यातून दिसतं.

भारतातली घडण

सेबीने रीटचे नियम २६ सप्टेंबर २०१४ ला काढले आणि त्याच वर्षीच्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात कलम ११५यूए घातलं. ट्रस्टकडे उत्पन्न ज्या रूपात आलं त्याच रूपात ते युनिटधारकाकडे आलं असं समजायचं, हा त्याचा गाभा. पहिलं रीट मात्र बाजारात यायला १ एप्रिल २०१९ उजाडलं, ते एम्बसी ऑफिस पार्क्स. मग २०२० मध्ये माइंडस्पेस, २०२१ मध्ये ब्रुकफिल्ड इंडिया, २०२३ मध्ये नेक्सस सिलेक्ट, २०२५ मध्ये नॉलेज रियल्टी. सातारा-सांगलीत यांची एकही इमारत नाही, पण कऱ्हाड-वाळव्याची जी पोरं हिंजवडीत कामाला जातात त्यातली काही ज्या इमारतीत बसतात तिचं भाडं यातल्या एका रीटमार्फत कदाचित त्यांच्याच वडिलांच्या पासबुकात येत असेल.

वाटण्याजोग्या रोख रकमेचा ९० टक्के भाग किमान दर सहा महिन्यांनी वाटावा लागतो, प्रत्यक्षात तिमाहीला वाटतात. हे पैसे सरळ भाडं म्हणून का येत नाहीत हे समजलं तर पुढचं सगळं सोपं जातं. इमारती सहसा वेगळ्या कंपन्यांच्या नावावर असतात, त्यांना एसपीव्ही म्हणतात, आणि रीट त्या कंपन्यांना कर्ज देतं. भाडं एसपीव्हीकडे जमा होतं, त्यातून ती रीटला कर्जाचं व्याज देते, नफा उरला तर लाभांश देते. पण हिशेबात घसारा (इमारतीची दरवर्षी धरलेली झीज) वजा झाल्याने नफा कमी दिसतो आणि रोकड जास्त असते, आणि कंपनी कायद्यानुसार नफ्याबाहेर लाभांश देता येत नाही. ही अडकलेली रोकड बाहेर काढायची तर नेहमीचा रस्ता म्हणजे कर्जाचं मुद्दल फेडलं असं दाखवायचं. ते मुद्दल रीट पुढे युनिटधारकांना वाटतं. २०२३ पर्यंत या भागावर ना ट्रस्टला कर होता ना धारकाला, आणि सगळा वाद याच भागावर झाला.

त्याआधीचा बदल २०२० चा. लाभांश वितरण कर (लाभांश वाटताना कंपनीने भरायचा) रद्द झाला तेव्हा १ फेब्रुवारीच्या बजेटात रीटमधून आलेला सगळा लाभांश धारकाच्या हातात करपात्र करायचं ठरलं होतं, मार्चमध्ये पास झालेल्या कायद्यात ते मवाळ झालं: एसपीव्हीने कलम ११५बीएए खालचा कमी दराचा कर निवडला असेल तरच धारकाला कर, नाहीतर माफ. म्हणजे कंपनीच्या ऑफिसात कोणीतरी एका फॉर्मवर टिक केली की इकडे मिरजेतल्या माणसाच्या पैशाचं हेड बदलतं, आणि त्याला ते कळतं टीडीएस कापून आल्यावर.

२०२३ ला परत तसंच. १ फेब्रुवारीच्या विधेयकात म्हटलं की कर्जफेडीच्या नावाने येणारी रक्कम दोन्हीकडे करातून सुटते, तेव्हा ती धारकाचं ‘इतर उत्पन्न’ धरा. बाजारातून ओरड झाली, आणि २४ मार्चला लोकसभेने दुरुस्तीसह पास केलं त्यात अशी सोय आली की युनिट ज्या किमतीला मुळात विक्रीस काढलं होतं तितकी रक्कम भरून येईपर्यंत हा भाग मुद्दल समजायचा आणि खरेदीभावातून वजा करायचा, त्यावर गेलं की उत्पन्न. फेब्रुवारीत घाव, मार्चमध्ये मलम, हे दोनदा झालंय. हे आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू आहे.

मुद्दल की उत्पन्न यावर दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. इमारत जुनी होते, घसारा ही खरी झीज आहे आणि तिच्यापोटी आलेला पैसा मुद्दलच, असं एक बाजू म्हणते. भाडं वर्षानुवर्षं वाढतंच आहे मग झीज कसली, असं दुसरी. खरेदीभाव कमी करण्याचा मधला मार्ग त्यातल्या त्यात न्याय्य म्हणावा लागेल. पण मर्यादा मोजताना मूळ विक्रीची किंमत धरलीय आणि त्यात आधीच्या धारकांना गेलेली रक्कमही मोजली जाते, हे मात्र पटत नाही. एम्बसीचं युनिट ३०० ला निघालं. समजा उद्या आधीच्या लोकांना मिळून २५० रुपये असे परत गेलेले असतील आणि तेव्हा कोणी ते ३८० ला बाजारातून घेतलं, तर त्याला ५० रुपये मिळाल्यावर पुढचं सगळं करपात्र, त्याचे स्वतःचे ३८० फिटायला अजून कितीतरी बाकी असले तरी.

हिशेब जवळून बघायचा तर समजा विश्रामबागेतल्या एका रिटायर मास्तरांकडे ३५० ने घेतलेली २०० युनिटं आहेत आणि तिमाहीला युनिटमागे ६ रुपये आले: व्याज २, लाभांश दीड, कर्जफेड अडीच. एकूण १२०० पैकी व्याजाच्या ४०० वर कलम १९४एलबीए ने १० टक्के म्हणजे ४० कापले, पासबुकात ११६० पडले. एसपीव्हीने ११५बीएए निवडलं की लाभांशाच्या ३०० वरही ३० कापले जातील, पासबुकात ११३०, आणि मास्तर २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असतील तर त्या ३०० वर एकूण ६० रुपये कर. कर्जफेडीचे ५०० आज बिनकराचे, पण २४ तिमाह्या असंच चाललं तर युनिटमागे ६० रुपये होतात आणि खरेदीभाव ३५० चा २९० होतो. मग ४०० ला विकली तर नफा १०,००० नाही, २२,०००. ब्रोकरच्या अ‍ॅपवर सहसा ३५० च दिसत राहतं, तिथेच लोक फसतात. २३ जुलै २०२४ पासून १२ महिन्यांवर युनिट दीर्घ मुदतीचं धरतात, दर १२.५ टक्के आणि सव्वा लाखापर्यंत सूट, त्यामुळे मास्तरांना दुसरा नफा नसेल तर कर शून्यच येईल, आकडा मात्र रिटर्नमध्ये बरोबर लिहायला पाहिजे. आणि रिटर्न आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ लागतं, त्यात पीटीआय (ट्रस्टमार्फत जसंच्या तसं पुढे आलेलं उत्पन्न) नावाची तक्ती असते. ती भरायला ट्रस्टकडून फॉर्म ६४बी येतो, मेलमध्ये, बऱ्याचदा स्पॅममध्ये.

ऊसबिलाचा दाखला

या भागात हा सगळा प्रकार समजावून सांगायला परदेशात जायची गरज नाही. कारखाना पहिली उचल देतो, हंगाम सरल्यावर हिशेब लागून दुसरा हप्ता देतो, आणि तो दुसरा हप्ता उसाची किंमत की कारखान्याच्या नफ्याची वाटणी यावर आयकर खात्याने वर्षानुवर्षं भांडण केलं. ऊस नियंत्रण आदेश १९६६ च्या ५अ खंडाखाली हंगामानंतर ठरणारा जादा भाव हा त्यातला मुद्दा होता. तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात ५ मार्च २०१९ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की त्यात नफ्याचा जो अंश आहे तेवढी नफ्याची वाटणी, ती खर्चात धरता येणार नाही, बाकीची किंमत. अंश किती ते अधिकाऱ्याने काढावं. २०१६-१७ या कर निर्धारण वर्षापासून सरकारने ठरवलेला किंवा मंजूर केलेला भाव खर्च म्हणून मान्य झालेलाच होता, जुन्या वर्षांची सुटका मात्र २०२३ च्या बजेटात झाली, आणि त्याने सहकारी कारखान्यांना सुमारे १०,००० कोटींचा दिलासा मिळेल असं अर्थमंत्र्यांनी भाषणात सांगितलं.

म्हणजे ज्या बजेटने उसाच्या दुसऱ्या हप्त्याला परत ‘किंमत’ म्हटलं, त्याच बजेटने रीटच्या कर्जफेडीला ‘उत्पन्न’ म्हणायला घेतलं. दाखला पूर्ण जुळत नाही हे खरं, उसात प्रश्न कारखान्याच्या खर्चाचा होता, शेतकऱ्याचं शेती उत्पन्न करमुक्तच आहे, रीटमध्ये भार थेट घेणाऱ्यावर येतो. पण पैसा आधी येतो आणि त्याचं नाव मागून ठरतं, ही गोष्ट ज्याने ऊस घातलाय त्याला दोन मिनिटांत कळते.

अमेरिकेतला हिशेब

तिथे रीट वर्षभर पैसे वाटतं आणि जानेवारीत जाहीर करतं की त्यातले इतके साधा लाभांश, इतके भांडवली नफा, इतके भांडवलाची परतफेड. ब्रोकर हे १०९९-डिव्ह फॉर्मवर देतो, आणि रीटने आकडे उशिरा दिले की दुरुस्त फॉर्म मागून येतो, म्हणून अनुभवी लोक रिटर्न भरायची घाई करत नाहीत. साध्या लाभांशावर २०१७ च्या कायद्याने २० टक्के वजावट आहे, त्यामुळे ३७ टक्क्यांचा वरचा दर २९.६ वर येतो. घसाऱ्याशी जोडलेल्या नफ्याला जास्तीत जास्त २५ टक्के. परतफेडीवर लगेच कर नाही, खरेदीभाव कमी होतो, तो शून्यावर गेला की उरलेलं भांडवली नफा. ऑक्टोबर ते डिसेंबरात जाहीर होऊन, नोंदतारीखही (लाभांश कोणाला द्यायचा ते ज्या दिवसाच्या यादीवरून ठरतं तो दिवस) त्याच महिन्यांत असून, पैसे जानेवारीत दिलेला लाभांश ३१ डिसेंबरलाच मिळाला असं धरतात.

इथून अमेरिकन रीट घेणाऱ्या माणसाचा लाभांश भारत-अमेरिका करारानुसार २५ टक्के कापून येतो, इथे स्लॅबने कर लागतो आणि तिथे कापलेल्याची वजावट मागता येते. त्रास कॅलेंडरचा आहे. तिथलं लेबल येतं ते आपला १५ डिसेंबरचा आगाऊ कराचा हप्ता भरून झाल्यावर, १५ मार्चच्या आत दुरुस्ती करून घ्यावी लागते. त्यात परदेशी मालमत्तेची तक्ती कॅलेंडर वर्षाने भरायची आणि उत्पन्न एप्रिल-मार्चने.

सेबीचं वर्गीकरण

१ जानेवारी २०२६ पासून म्युच्युअल फंडांनी रीटमध्ये केलेली गुंतवणूक इक्विटीसदृश, म्हणजे शेअरसारखी, धरायची असं सेबीने ठरवलं, इन्व्हिट (रस्ते, वीजवाहिन्या अशा पायाभूत प्रकल्पांचे ट्रस्ट) हायब्रिड म्हणजे मिश्र गटातच राहिली. ‘रीट आता इक्विटी’ असे मथळे आले आणि वाटपावरचा कर बदलला असा समज पसरला. तो बदललेला नाही. फंडांच्या मर्यादा कुठे मोजायच्या एवढाच तो विषय.

नवा आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू, त्यात वर दिलेले कलमांचे आकडे बदलतात. आधीच्या वर्षांच्या नोटिसा मात्र १९६१ च्या कायद्यातल्या आकड्यांनीच येणार, म्हणून या नोंदीत जुनेच आकडे ठेवलेत.